चौदा रेघा

ब्लाऊज बेतून झाल्यावर कापड नेहमीपेक्षा जास्त उरलं, की मी कात्री खाली ठेवते आणि मापं पुन्हा तपासते. गिऱ्हाईक बाईला आनंद होतो, कापड वाचलं म्हणून. मला होत नाही. तीस वर्षं कराडात शिवणकाम करतेय. ८० सेंटिमीटरच्या पीसमधून वीतभर तुकडा जास्तीचा राहिला, तर बाही तरी आखूड झालेली असते, नाहीतर मुंढा तरी कमी पडलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका पहाटे मी फ्रीजचं दार उघडून उभी होते. हातात इन्सुलिनची बाटली होती आणि मनात तेच आलं. हे उरलंय. एवढं उरायला नको होतं.

ती पहाट कशी आली ते आधी सांगते.

मला शुगर निघाली चाळिशीत, मुलीच्या बारावीच्या वर्षी. अकरा वर्षं गोळ्यांवर काढली. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, आणि मग एकदा तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी केली ती १०.२ आली. डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना मी वर्षभर लांबवला. कारण आमच्या सासूबाई. त्यांना इन्सुलिन सुरू झालं आणि चार महिन्यांत पायाचं बोट काढावं लागलं. आमच्या घरात त्या दोन गोष्टी एकमेकींना अशा चिकटल्या की इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं, असंच सगळे धरून चालले. खरं तर त्यांचं बोट गेलं ते आधीच्या कित्येक वर्षांच्या साखरेनं. इन्सुलिन त्यांच्याकडे उशिरा आलं, एवढाच त्याचा दोष. हे मला आज कळतं. तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं तर ते एक वर्ष वाया गेलं नसतं.

शेवटी सुरू केलं. दवाखान्यातल्या सिस्टरनी बाटली दाखवली, लाल टोपणाची सिरिंज दाखवली. पाणी भरून एकदा त्यांनी करून दाखवलं, एकदा माझ्याकडून करून घेतलं. म्हणाल्या, "सकाळी चौदा रेघा, रात्री आठ रेघा. जेवणाआधी अर्धा तास. पोटावर टोचायचं." बाहेर पंधरा पेशंट बसले होते. दोन मिनिटांत माझं शिक्षण झालं. घरी येऊन मी मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. वरच्या ओळीत कुणाची तरी छाती ३६, कंबर ३२, बाही १०, आणि खाली माझं सकाळ १४, रात्र ८.

युनिट हा शब्द त्या दिवशी माझ्या कानावर पडला नाही. पडला असेल तर माझ्यापर्यंत पोचला नाही. माझ्यासाठी इन्सुलिन म्हणजे चौदा रेघा आणि आठ रेघा.

प्रश्न पुष्कळ होते. चौदाच का? सकाळी जास्त आणि रात्री कमी का? संकष्टीला उपास असेल तर किती? एखाद्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली तर? बाटलीतलं औषध दुधासारखं का दिसतं, बिघडलंय की तसंच असतं? माझ्याकडे नवीन बाई आली तर मी तिला उभं करून दहा-बारा मापं घेते, खांदा उतरता आहे का बघते, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब आहे का बघते. हे चौदा आणि आठ माझ्या अंगावर कुठून बेतले, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. डॉक्टरांसमोर बसलं की बाहेरची रांग पाठीला जाणवते. आपण विचारलं तर त्यांना वाटेल की आपला विश्वास नाही, अशी भीतीही असते. माझ्यासारख्या किती बायका त्या खुर्चीत गप्प बसतात ते मला आता ठाऊक आहे, कारण नंतर त्यातल्या बऱ्याच जणी माझ्या मशीनपाशी येऊन बोलल्या.

पाच महिने चांगले गेले. सकाळची उपाशीपोटी १२०, १३०, कधी १४०. पायांची आग कमी झाली, रात्री चार-चारदा उठणं बंद झालं. मला वाटलं, जमलं.

एप्रिल संपता संपता सिरिंजा संपल्या. नेहमीच्या दुकानात नव्हत्या. दुसऱ्या दुकानातून ह्यांनी दहाचं पाकीट आणलं. टोपण नारिंगी होतं. ह्यांनी विचारलंही होतं, तर दुकानातला मुलगा म्हणाला, "इन्सुलिनचीच आहे काका, कंपनी वेगळी." मी पाकीट उघडून पाहिलं. नळी तेवढीच लांब, सुई तेवढीच बारीक. फरक एवढाच की आकडे शंभरापर्यंत होते आणि दहा ते वीसच्या मध्ये दहाऐवजी पाचच घरं होती. म्हणजे एक घर दोनाचं. मी चष्मा लावून नीट हिशेब केला. दहाच्या पुढची दुसरी रेघ म्हणजे चौदा. दोन्ही बाजूंना सेंटिमीटर-इंच असलेल्या टेपवर आयुष्य गेलंय, घरं मोजण्यात मी चुकत नाही. चुकले नाहीच. बरोबर चौदावर भरत होते.

एक सिरिंज मी दोन दिवस वापरायची. तसं करू नये, एकदा वापरून टाकून द्यावी, हे आता माहीत आहे. तेव्हा आमच्या गल्लीत सगळेच तसं करत, काही जण आठवडाभरही चालवत. तर दहा सिरिंजा म्हणजे वीस दिवस.

आठव्या दिवशी उपाशीपोटी २१०. नवव्या दिवशी २४८.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

या प्रश्नाबद्दल मला थोडं थांबून सांगायचंय. मी म्हटलं, नेहमीचंच, सकाळी पोहे वाटीभर, दुपारी दीड भाकरी, भाजी, रात्री एक भाकरी. ते हसले. रागावले नाहीत, हसले. "आंब्याचे दिवस आहेत, ताई." त्यांनी सकाळचे अठरा आणि रात्रीचे बारा केले. घरी आले तर ह्यांनी विचारलं, "त्या मुंजीला जेवलीस तेव्हा श्रीखंड घेतलं होतंस का?" पुण्याहून मुलीचा फोन, "आई, खरं सांग, मी रागावणार नाही. आमरस खाल्लास ना?" शेजारच्या काकू म्हणाल्या, टेन्शन घेतेस, त्यानं वाढते. सगळी माझी माणसं, सगळ्यांना काळजी. पण प्रत्येकाच्या प्रश्नात मी काहीतरी लपवतेय हे आधीच ठरलेलं होतं.

मी एक फोडही खाल्ली नव्हती. ह्यांनी आणलेल्या पेटीतले आंबे मी कापून ताटात वाढत होते आणि नंतर हात साबणाने धुऊन टाकत होते, बोटांना वास राहू नये म्हणून.

मग हळूहळू मलाच माझी खात्री वाटेना. दीड भाकरीची मी एक केली. भात तर सोडलाच होता, रात्रीचं दूध सोडलं. चहा बिनसाखरेचा होताच, तोही कमी केला. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायला लागले, प्रीतिसंगमावर जाऊन परत. पाय ओढत जायचे, तोंडाला कोरड, दिवसभर पाणी पाणी. सोळाव्या दिवशी २६२. डॉक्टरांनी पुन्हा वाढवलं. सकाळी बावीस, रात्री सोळा. या खेपेला ते हसले नाहीत, कपाळाला आठी घालून म्हणाले, "एवढं देऊनही उतरत नाही म्हणजे पथ्य नाही." मी काही बोलले नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. पन्नाशी उलटलेल्या बाईला जेवणावरून खोटारडी ठरवलं जाणं किती लागतं, हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांनाच कळेल. शुगरच्या पेशंटला प्रत्येक आकड्याचा जाब द्यावा लागतो. साखर वाढली की पहिला संशय तोंडावर. बाटली, सुई, टोचायची जागा, फ्रीज, मोजायची पट्टी, यांच्यावर संशय घ्यायचं कुणाला सुचत नाही.

विसाव्या दिवशी पाकीट संपलं. नेहमीच्या दुकानात माल आला होता. ह्यांनी लाल टोपणाच्या सिरिंजा आणल्या. संध्याकाळची वेळ होती. रात्री मी नवी सिरिंज काढली, सोळा रेघा भरल्या, टोचल्या, अर्ध्या तासाने एक भाकरी खाऊन झोपले.

पावणेतीनला जाग आली. उशी भिजलेली. आधी वाटलं, पंखा बंद पडला म्हणून घाम आलाय. मग कळलं की हात थरथरतायत, छातीत धडधड इतकी की ती कानात ऐकू येतेय, आणि पोटात अशी भूक की तशी भूक मला कधी लागली नव्हती. ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं तर शब्द सापडेना. "अहो" एवढं दोन अक्षरांचं, तेही जिभेवर येईना. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शुगर तपासायचं मशीन आणलं. ४६.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस, संकटात हात थांबत नाहीत. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात ढवळून त्यांनी पेला माझ्या ओठांना लावला. घड्याळ समोर धरून बसले. पंधरा मिनिटांनी ६३. पुन्हा तीन चमचे. पुन्हा पंधरा मिनिटं. ८८. मग दूध आणि चपातीचा तुकडा. तेवढा अर्धा-पाऊण तास माझा हात त्यांच्या हातात होता. सकाळी त्यांनी सांगितलं की हात बर्फासारखा होता.

नंतर झोप येणं शक्यच नव्हतं. साडेचारला मी उठले, चहा ठेवला आणि दूध काढायला फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यात बाटली. उजेडापुढे धरली.

मी प्रत्येक बाटलीची सुरू केल्याची तारीख वहीत लिहिते, जसं कापड आलेल्या दिवसाची तारीख लिहिते तसं. पाच महिन्यांत प्रत्येक बाटली अठरा दिवसांत संपली होती. ही बाटली नारिंगी सिरिंजांबरोबरच फोडलेली, वीस दिवस झालेले, मध्ये दोनदा डोस वाढलेला. तरी जवळपास निम्मी शिल्लक. डोस वाढला आणि औषध कमी लागलं?

वापरलेल्या सिरिंजा मी प्लास्टिकच्या बरणीत टाकते, घंटागाडीवाल्याच्या हाताला टोचू नये म्हणून. बरणीतून एक नारिंगी टोपणाची काढली, एक लाल टोपणाची घेतली आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींचे दांडे मागे ओढून चौदावर आणले. मग गळ्यातला टेप काढला. तो माझ्या गळ्यात झोपेतून उठल्या उठल्या येतो, सवयीने. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चौदापर्यंतची जागा दोन सेंटिमीटरहून जरा जास्त. नारिंगीत एक सेंटिमीटरही नाही.

चौदा आणि चौदा. पण नळीतली जागा अडीचपट.

मग मी चष्मा लावून, जवळजवळ सहा महिन्यांत पहिल्यांदाच, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. १ मिलीमध्ये ४० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवर ४०. नारिंगीवर १००. म्हणजे नारिंगी सिरिंजच्या रेघा वेगळ्याच बाटलीसाठी आखलेल्या होत्या, जिच्यात १ मिलीला १०० युनिट असतात. तिच्या चौदा रेघा माझ्या बाटलीतून भरल्या की अंगात जात होते जेमतेम साडेपाच युनिट. रात्रीच्या आठ रेघांचे तीन. डॉक्टरांनी वाढवून बावीस केले तरी प्रत्यक्षात नऊसुद्धा नाहीत. आणि काल रात्री लाल सिरिंजने घेतलेले सोळा मात्र खरेखुरे सोळा, माझ्या मूळच्या आठाच्या दुप्पट.

ओट्यावर टेप पडला होता. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. एका इंचात अडीच सेंटिमीटर, वर किंचित. शिवण शिकायला आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात टेप उलटा धरतात आणि ३६ इंचांऐवजी ३६ सेंटिमीटरवर खडू ओढतात. आकडा बरोबर, टेपही खोटा नाही, ब्लाऊज मात्र बाहुलीचा होतो. मी त्यांना कधी रागावले नाही. टेप सरळ करून हातात दिला, की त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

त्या पहाटे मला रडू आलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी डोकं हलकं झालं. मी आमरस खाल्ला नव्हता.

सकाळी दोन्ही सिरिंजा आणि बाटली घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्या हातात घेतल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या खेपेला मी सिरिंज बघायला मागायला हवी होती." त्यांनी डोस परत चौदा आणि आठवर आणला. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. पण त्यांनी वाढवलेला तो आकडा लाल सिरिंजने सकाळचाही घेतला असता आणि दुपारी मी मशीनवर एकटी असते तर, हा विचार अजून येतो.

मुलीने नंतर मला पुण्याला नेलं. तिथे एक डायबेटिस एज्युकेटर होती, माझ्या मुलीएवढीच. ती मला काकू म्हणाली आणि तासभर माझ्यासमोर बसली. शुगर निघाल्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत या आजाराबद्दल माझ्यासमोर सलग तासभर बसलेलं ते पहिलं माणूस.

तिने पहिल्यांदा विचारलं, "हे चौदा कसे ठरले माहितीय का?" आणि सांगितलं, की वजन वगैरे पाहून आधी थोड्यावर सुरू करतात, मग दर काही दिवसांनी साखर तपासून दोन-दोन युनिटांनी वर-खाली करत नेतात, बसेपर्यंत. मी म्हटलं, म्हणजे कच्चा टाका. आधी कच्चा टाका घालून ट्रायल घ्यायची, मग पक्की शिवण. तिला ते इतकं आवडलं की तिने लिहून घेतलं. आणि मला हायसं वाटलं, कारण आजवर मी तो आकडा कोरलेला समजत होते, बदलला की आपलं काहीतरी बिघडलं असं धरत होते. ट्रायलमध्ये कंबर अर्धा इंच आत घ्यावी लागली तर त्यात बाईचा काय गुन्हा?

मग बाटलीतलं दुधासारखं पाणी. त्यात दोन इन्सुलिनं मिसळलेली असतात, शंभर भागांत तीस झटपट आणि सत्तर सावकाश. झटपट असलेलं अर्ध्या तासात कामाला लागतं, म्हणून टोचल्यावर तेवढं थांबून जेवायचं, आणि टोचलं की जेवण टाळायचं नाही. सावकाश असलेल्याचा जोर काही तासांनी येतो, म्हणजे रात्री आठला घेतलेल्याचा जोर मध्यरात्रीनंतर. माझी पावणेतीनची वेळ तिथून आली होती. सावकाश असलेलं तळाशी बसतं, म्हणून बाटली दोन तळहातांमध्ये हळूहळू वळायची, सारखी पांढरी होईपर्यंत, घुसळायची नाही. मी इतके महिने नुसती एकदा उलटी करत होते.

सगळ्यात मोलाचं तिने सांगितलं ते हे. सकाळी उपाशीपोटीचा जो आकडा येतो, त्याचा जाब रात्रीच्या इन्सुलिनला विचारायचा. रात्रीच्या जेवणाआधीचा आकडा येतो, त्याचा जाब सकाळच्या इन्सुलिनला. माझ्या बाटलीपुरता हा हिशेब, टोचायच्या पेनमधल्या दुसऱ्या इन्सुलिनांचा वेगळा असतो, असंही ती म्हणाली. पण माझ्यासाठी त्या वाक्याने दिवसाची दोन टोकं एकमेकांना जोडली गेली. तोपर्यंत माझ्या वहीतले आकडे नुसतेच पडून असत. आता प्रत्येक आकडा कुणाचा आहे ते कळायला लागलं. डोस मी मनानं बदलत नाही. पण डॉक्टरांकडे जाते तेव्हा वही उघडून सांगते, सलग चार दिवस रात्रीच्या जेवणाआधी २००च्या वर आहे, सकाळचं बघाल का? आणि ते बघतात.

जाता जाता तिने पोट तपासलं. बेंबीच्या डावीकडे बोटांनी दाबलं, म्हणाली, इथे गाठ आहे. तीच जागा सोयीची म्हणून मी रोज तिथेच टोचत होते, दुखायचंही कमी. ती म्हणाली, दुखत नाही कारण तिथली चरबी घट्ट झालीय, आणि अशा गाठीतून इन्सुलिन कधी नीट शोषलं जातं, कधी नाही. आता रोज बोटभर सरकून टोचते. एकाच भोकातून सुई पुन्हा पुन्हा नेली तर कापड तिथे विरतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त कापड माझंच होतं म्हणून दिसलं नाही.

युनिट म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तरी डोक्यातून गेला नाही. गोळी ५०० मिलिग्रॅमची असते, मग इन्सुलिन मिलिग्रॅममध्ये का नाही? मुलीने एका रविवारी शोधून वाचून दाखवलं. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ ला तिथल्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेला तसाच अर्क पहिल्यांदा टोचला. पोरगं वाळून काटकी झालेलं. किती द्यायचं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला फारसं साधलं नाही, टोचल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि २३ तारखेला पुन्हा टोचलं, तेव्हा साखर उतरली. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. त्या काळी अर्काचा प्रत्येक घाणा वेगळ्या ताकदीचा निघे, त्यामुळे वजन करून उपयोग नव्हता, तो किती काम करतो तेच मोजावं लागे. म्हणून मापाला ससे घेतले. दोन किलोच्या उपाशी सशाची साखर ४५ पर्यंत खाली आणायला जेवढं लागेल, त्यावरून सुरुवातीचं युनिट ठरलं. तेवढ्यावर सशाला झटके येत.

मुलगी पुढे वाचत होती, मी तिला थांबवलं. ४५. माझ्या मशीनवर त्या रात्री ४६ होते.

त्या सशांची मला फार आठवण येते. टोचून घेताना, रेघ बघताना.

ताकदीची भानगडही जुनीच आहे. ब्रिटनमध्येही १ मिलीला ४० आणि ८० अशा वेगवेगळ्या बाटल्या एकाच वेळी चालत. लोक चुकत, म्हणून १९८३ मध्ये त्यांनी सगळं १०० वर आणलं. आपल्याकडे आजही बाटली बहुतेक ४० ची, पेनमधली कुपी १०० ची, आणि काही बाटल्याही १०० च्या. दोन्हींच्या सिरिंजा एकाच काउंटरवर, एकाच खोक्यात. लाल टोपण ४० साठी, नारिंगी १०० साठी, एवढी साधी खूण, ती दुकानातल्या मुलाला माहीत नव्हती, ह्यांना नाही, मला नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं निघालं. त्यातल्या इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी किती जणांना टोपणाचा रंग माहीत असेल? डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसता १४ न लिहिता "१४ युनिट, ४० ची बाटली, लाल टोपण" एवढं लिहायला किती शाई लागते? मला हे पोटतिडकीने म्हणायचंय, कारण मी वाचले ते ह्यांची झोप सावध म्हणून.

आता माझ्या मशीनच्या वर, जिथे सुताच्या रिळांचा खण आहे, तिथे एका पुठ्ठ्यावर दोन रिकाम्या सिरिंजा टाचलेल्या आहेत. सुया काढून. एक लाल, एक नारिंगी, दोन्हींचे दांडे चौदावर.

गेल्या पावसाळ्यात मसूरकडची एक आजी नातीच्या हळदीसाठी ब्लाऊज शिवायला आली. माप घेताना घाम पुसत होती, म्हणाली, "शुगरवाली हाय बाई मी, मधीच हात कापत्यात." पुठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "ही लाल माझ्याकडं बी हाय." मी विचारलं, बाटली कोणती? तिने पिशवीतून रुमालाची घडी काढली. त्यात पेनची काचेची कुपी होती. पेन पडून फुटलं होतं, नवं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून नातू कुपीत सुई घालून लाल सिरिंजने औषध ओढून द्यायचा. किती? "धा रेघा."

लाल सिरिंजच्या दहा रेघा म्हणजे पाव मिली. १०० च्या कुपीतून पाव मिली म्हणजे पंचवीस युनिट.

मी तिला आधी दोन चमचे साखर घालून चहा दिला, नातवाला फोन लावायला सांगितला. तो येईपर्यंत गळ्यातला टेप काढून तिच्या पुढ्यात पसरला, आधी इंचाची बाजू वर, मग उलटा करून सेंटिमीटरची. आजी वाकून दोन्ही बाजूंचे आकडे बोटाने चाचपत होती. मग तिने मान वर केली आणि विचारलं, "मंग माझं धा कंचं?"